परदेशी निघताय? मग तब्येतीची तयारी तिकिटासोबतच सुरू करा

परदेशी जायचं पक्कं झालं की सगळ्यांचं डोकं व्हिसा, तिकीट, हॉटेल आणि बॅगेचं वजन यातच गुंततं आणि तब्येतीचं काय ते शेवटच्या आठवड्यात बघू म्हणून मागे पडतं. मला कळकळीने सांगायचंय की असं करू नका. बाकीची बरीचशी कामं थोडे जास्तीचे पैसे भरून ऐन वेळी उरकता येतात, पण शरीराला घाई करता येत नाही. लस टोचली की तिचा उपयोग सुरू व्हायला दिवस जातात, काही लसींचे दोन-तीन डोस असतात आणि मधलं अंतर ठरलेलं असतं, मलेरियाची एक गोळी तर निघायच्या दोन-तीन आठवडे आधी चालू करावी लागते, आणि दाताचं काम निघालं तर ते एका खेपेत होत नाही. म्हणून निघायच्या तारखेपासून मागे मोजत यायचं. निदान चार ते सहा आठवडे हातात असताना डॉक्टर गाठायचा, आणि डायबेटिस, हार्ट, दमा असं काही आधीपासून असेल किंवा लांबचा मुक्काम असेल तर दोन-तीन महिने आधीच. उशीर झालाच असेल, निघायला आठवडाच उरला असेल, तरी पण जा, आता काय उपयोग म्हणून सोडून देऊ नका. हिपॅटायटिस ए, म्हणजे खराब अन्नपाण्यातून होणारी कावीळ, हिची लस अगदी निघायच्या आदल्या दिवशी घेतली तरी निरोगी माणसाला तिचा फायदा होतो.

डॉक्टरकडे जाताना प्रवासाचा सगळा प्लॅन न्या

जमलं तर ट्रॅव्हल क्लिनिकमधे जा, म्हणजे जिथे प्रवासाच्या लसी आणि सल्ला हेच रोजचं काम असतं. नाहीतर तुमचे नेहमीचे डॉक्टर पण चालतील, पण दोन्हीकडे नुसतं देशाचं नाव सांगून भागत नाही. पेरूचं उदाहरण घ्या. लिमा शहरात राहून परत येणाऱ्याला मलेरियाची गोळी लागत नाही. तोच माणूस कुस्कोला गेला तर मलेरियाचा धोका नाही पण गाव साधारण ३,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे विमानातून उतरल्या दिवशीच डोकेदुखी, मळमळ सुरू होऊ शकते. आणि तिथूनच पुढे अॅमेझॉनच्या जंगलात इकितोसला गेला तर मलेरिया आणि यलो फीव्हर दोन्हीचा विचार करायला लागतो. देश एकच, व्हिसा एकच, पण तयारी तीन वेगळ्या. म्हणून कागदावर नीट लिहून न्या, कुठल्या तारखेला कुठे मुक्काम, वाटेत कुठल्या एअरपोर्टवर किती तास थांबा, शहरात राहणार का खेड्यात, ऋतू कुठला, आणि तिथे करणार काय. ट्रेक, स्कूबा डायव्हिंग, प्राण्यांसोबत काम, हॉस्पिटलमधे काम, टॅटू, काहीही असो, सांगा. लाजायचं कारण नाही, डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. सोबत जुनी लसीकरणाची कार्डं, चालू औषधांची यादी, अॅलर्जी, आणि प्रेग्नंट असाल किंवा तसा विचार असेल तर तेही.

अजून एक, बाहेर स्थायिक झालेले जे लोक मूळ देशात नातेवाइकांकडे जातात ते सल्ला घ्यायला सगळ्यात कमी जातात, कारण त्यांना वाटतं आपण तिथेच वाढलोय, आपल्याला काय होतंय. पण मलेरियाची लहानपणी तयार झालेली थोडीफार प्रतिकारशक्ती बाहेर राहून काही वर्षांत ओसरते आणि बाहेर जन्मलेल्या मुलांना तर ती मुळातच नसते. नातेवाइकांकडे मुक्काम लांबतो, खेडेगावात जाणं होतं, घरचंच पाणी पितो, त्यामुळे धोका हॉटेलात राहणाऱ्या टूरिस्टपेक्षा जास्तच असतो, कमी नाही.

लसी

आधी नेहमीच्या लसी बघा, नवीन नंतर. गोवर, धनुर्वात, घटसर्प, पोलिओ या लहानपणीच्या लसी झाल्यात का आणि बूस्टर कधी झाला. धनुर्वाताचा बूस्टर दर १० वर्षांनी घ्यायचा असतो आणि बहुतेक मोठ्या माणसांना शेवटचा कधी घेतला ते आठवतच नाही. गोवर हा श्रीमंत देशातपण पसरतो, गोवर झालेला माणूस खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, त्यामुळे विमानतळ, ट्रेन, मॉल कुठेही गाठ पडू शकते. एमएमआरचे, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचे, दोन डोस झाले नसतील तर दोघांमधे २८ दिवसांचं अंतर लागतं, म्हणजे इथेच एक महिना गेला बघा. आणि एमएमआर, कांजिण्या, यलो फीव्हर या जिवंत विषाणूच्या लसी आहेत, अशा दोन लसी घ्यायच्या असतील तर साधारणपणे एकाच दिवशी घ्यायच्या नाहीतर मधे चार आठवडे सोडायचे. एमएमआर आणि यलो फीव्हर एकाच दिवशी देण्याबाबत मात्र डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात, तुमचे डॉक्टर काय म्हणतात ते विचारा. शेवटच्या आठवड्यात जाणाऱ्यांची नेमकी इथेच अडचण होते.

यलो फीव्हरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ही लस अशी आहे की जिच्यावाचून तुम्हाला एअरपोर्टवरच अडवू शकतात. हा आजार आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागात डासांमुळे होतो. लस फक्त मान्यता असलेल्या सेंटरमधेच मिळते, सगळीकडे नाही, बऱ्याच ठिकाणी अपॉइंटमेंटची वाट बघावी लागते, आणि तिचं सर्टिफिकेट लस टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. म्हणजे उद्या फ्लाइट आणि आज लस असं केलं तर कागद हातात असूनही नियमाप्रमाणे तो चालत नाही. एकदा लस घेतली की आता सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, ११ जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमात हा बदल झाला, त्याआधी १० वर्षं होती. जुन्या कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी ते कार्ड आता चालतं, नव्याने टोचून घ्यायची गरज नाही.

हे सर्टिफिकेट म्हणजे एक पिवळं कार्ड असतं, ते हातात पडलं की खिशात टाकायच्या आधी तिथेच टेबलापाशी उभं राहून वाचून काढा. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं आहे का, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर बरोबर आहे का, लसीची तारीख आहे का, कंपनी आणि बॅच नंबर लिहिलाय का, डॉक्टरांची सही आहे का, सेंटरचा शिक्का पूर्ण उमटलाय का, आणि तुमची स्वतःची सही केलीत का. खाडाखोड असेल तर दुसरं कार्ड मागून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे पण इमिग्रेशनच्या काउंटरवर एक शिक्का नाही म्हणून कार्ड बाद होऊ शकतं. फोनमधे फोटो असू द्या पण मूळ कार्ड पासपोर्टसोबत पाहिजेच.

यात ट्रान्झिटचा घोळ फार होतो. तुम्ही जाणार त्या देशात यलो फीव्हर नसेल, पण वाटेत तुम्ही यलो फीव्हर असलेल्या देशाच्या एअरपोर्टवर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर बरेच देश कार्ड मागतात, आणि काही देश नुसत्या थांब्यालाही मागतात. परत आल्यावर स्वतःचा देशसुद्धा मागू शकतो हे कोणी लक्षात घेत नाही. म्हणून तिकीट काढतानाच रूट बघा आणि जिथे जाताय त्या देशाच्या एम्बसीच्या साइटवरून खात्री करा.

ही लस सगळ्यांना चालत नाही हेही तितकंच महत्त्वाचं. लहान बाळं, अंड्याची जोरदार अॅलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी झालेले, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार असलेले, यांना ती सहसा देत नाहीत. प्रेग्नंट बायकांनी आणि पहिल्यांदाच घेणाऱ्या साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांशी नीट बोलूनच ठरवायचं, कारण साठीनंतर गंभीर साइड इफेक्टचं प्रमाण वाढतं. अशा वेळी डॉक्टर सूट असल्याचं पत्र देतात, पण ते पत्र मानायचं का नाही हे त्या देशाच्या हातात असतं म्हणून एम्बसीला आधीच विचारून घ्या. आणि सूट मिळाली म्हणजे आजारापासून संरक्षण मिळालं असं नाही. वयस्कर माणसाला अशा भागात नेण्यापेक्षा प्लॅन बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या लसी भरभर सांगतो. हज किंवा उमराहला जाणाऱ्यांना मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला होणारा संसर्ग) चार प्रकारांवरची लस सक्तीची आहे, पोचायच्या निदान १० दिवस आधी घ्यायची, आणि सर्टिफिकेटवर लसीचा प्रकार लिहून घ्यायचा कारण कॉन्ज्युगेट प्रकार पाच वर्षं धरतात आणि दुसरा, पॉलिसॅकराइड, तीनच. टायफॉइडचं इंजेक्शन निघायच्या दोन आठवडे आधी. हिपॅटायटिस बी चे तीन डोस एरवी सहा महिन्यात पूर्ण होतात पण घाई असेल तर पहिल्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवसाचा वेगळा कोर्स असतो, मग वर्षाने एक बूस्टर. आशियातल्या भातशेतीच्या खेडेगावात महिनाभर राहणार असाल तर जपानी मेंदूज्वराची लस विचारा, शहरात चार दिवस फिरणाऱ्याला सहसा लागत नाही.

रेबीजच्या लसीचं मात्र थांबून ऐका. आधी लस घेतली तरी कुत्रा किंवा माकड चावल्यावर पुन्हा डोस घ्यावेच लागतात, मग आधी घेऊन काय फायदा असं लोक विचारतात. फायदा मोठा आहे. आधी लस न घेतलेल्याला खोल चाव्यानंतर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन जखमेत द्यावं लागतं आणि ते जगात खूप ठिकाणी वेळेवर मिळतच नाही. आधी लस झालेली असेल तर ते लागत नाही आणि नंतरचे डोसही कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मधे आधीच्या लसीचा कोर्स दोन डोसवर आणला, एक आज आणि एक सातव्या दिवशी, म्हणजे आठवड्यात होतो. मोठ्या हॉस्पिटलपासून लांब जाणार असाल, सायकलवर फिरणार असाल किंवा सोबत लहान मुलं असतील तर नक्की घ्या, मुलं प्राण्याला हात लावतात आणि ओरखडा आला तर घाबरून सांगत नाहीत. आणि लस असो नसो, चावल्यावर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची. १५ मिनिटं म्हणजे घड्याळ लावून, नुसतं पाणी ओतून मोकळं नाही व्हायचं. मग थेट दवाखाना.

मलेरिया आणि डास

मलेरियाची लस आली असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं आणि ते तीच मागतात. २०२१ मधे आणि मग २०२३ मधे दोन लसींना जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली हे खरं, पण त्या मलेरियाच्या भागात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहेत, प्रवाशांसाठी नाहीत. प्रवाशांनी गोळ्याच घ्यायच्या. त्यात अॅटोव्हाकोन-प्रोग्वानिल निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावर सात दिवस घ्यायची, डॉक्सीसायक्लिनपण एक-दोन दिवस आधीच सुरू होते पण परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवायची, आणि मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची पण निघायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून आणि परतल्यावर चार आठवडे. डॉक्सीने ऊन्हात कातडी लवकर भाजते आणि लहान मुलांना, प्रेग्नंट बायकांना ती देत नाहीत. डिप्रेशन किंवा फिट्सचा त्रास असेल तर मेफ्लोक्विन नको, तिच्याने वाईट स्वप्नं, घाबरल्यासारखं होणं असे त्रास होऊ शकतात, आणि ती आधी सुरू करण्यामागे हेही कारण आहे, सोसत नसेल तर गोळी बदलायला वेळ मिळतो. कुठली घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. तुमचं काम एवढंच की मधे बंद करायची नाही. घरी आलो, डास चावत नाहीत, मग कशाला गोळी, असं म्हणून सोडणारे खूप असतात आणि त्यांनाच मग ताप येतो, कारण शरीरात शिरलेला परजीवी लिव्हरमधून बाहेर यायला वेळ घेतो.

गोळी घेतली तरी डास चावू द्यायचा नाहीच, कारण डेंगी, चिकनगुनिया, झिका यांच्यावर अशी गोळी नाही. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो आणि डेंगीचा दिवसा, म्हणजे चोवीस तास सांभाळायचं. २० ते ५० टक्के डीट असलेलं किंवा पिकारिडिनचं रिपेलंट, म्हणजे डास लांब ठेवणारं औषध, घ्या, आधी सनस्क्रीन लावायचं, ते मुरलं की वर रिपेलंट. कपड्यांवर मारायचा परमेथ्रिनचा स्प्रे मिळतो तो कपड्यांवरच, अंगावर नाही. झिकाने पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते, म्हणून झिकाच्या भागात जाऊन आल्यावर मूल होऊ द्यायचा विचार असेल तर नवऱ्याने तीन महिने आणि बायको एकटी गेली असेल तर तिने दोन महिने थांबायचं असा सल्ला असतो, आणि प्रेग्नंट असाल तर जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

चालू औषधं कशी न्यायची

ज्यांच्या रोजच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हा भाग नीट वाचा. पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या आणि वर एक-दोन आठवड्यांच्या जास्त गोळ्या घ्या, फ्लाइट रद्द होतात, मुक्काम वाढतो. सगळ्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. आठवड्याच्या डब्यात काढून भरलेल्या सुट्या गोळ्या घरी सोयीच्या असतात पण कस्टमवाल्याला त्या कसल्या ते कळायला मार्गच नसतो. सगळं हँडबॅगमधे, चेक-इन बॅग हरवली तर औषधं पण गेली. जास्त औषधं असतील तर अर्धी सोबतच्या माणसाच्या हँडबॅगमधे ठेवा. डॉक्टरांचं पत्र घ्या, इंग्लिशमधे, टाइप केलेलं, त्यात आजार, औषधाचं कंपनीने ठेवलेलं नाव नाही तर मूळ नाव, डोस, आणि सुया-सिरिंज लागत असतील तर तसा उल्लेख. कंपनीचं नाव दुसऱ्या देशात कोणालाच कळत नाही, आणि कधीकधी मूळ नावसुद्धा बदलतं, म्हणजे पॅरासिटामॉलला अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतली तर डोस दुप्पट होतो, म्हणून ही दोन्ही नावं लिहून ठेवा.

आणि तुमच्याकडे सहज मिळणारं औषध दुसरीकडे बेकायदा असू शकतं, यात चेष्टा नाही. जपानमधे अॅम्फेटामिन असलेली एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास) औषधं प्रिस्क्रिप्शन असलं तरी नेता येत नाहीत, १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं पण नाहीत, आणि एका महिन्यापेक्षा जास्त प्रिस्क्रिप्शनची औषधं न्यायची असतील तर युन्यू काकुनिन-शो नावाचं परवानगीपत्र आधीच काढावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या वेदनेच्या गोळ्यांना आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते, सिंगापूरमधेही कोडीन, झोपेच्या गोळ्या यांचे नियम कडक आहेत. खोकल्याच्या काही साध्या औषधातपण कोडीन असतं. म्हणून प्रत्येक औषधाच्या मागचे घटक वाचा आणि ज्या देशात जाताय त्यांच्या एम्बसीकडे विचारा, आणि वाटेत जिथे उतरून बाहेर पडणार तिथलंही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकू नये, खाली सामानाच्या जागेत ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी वापरायचं नाही. हँडबॅगमधे १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली न नेण्याचा नियम गरजेच्या औषधांना सहसा लागत नाही पण पत्र दाखवायला लागतं. पंप किंवा सेन्सर असेल तर तो स्कॅनरमधून न्यायचा का नाही हे कंपनीच्या सूचनेत बघा आणि सिक्युरिटीला आधीच सांगून हाताने तपासायला लावा. पूर्वेकडे जाताना दिवस छोटा होतो आणि पश्चिमेकडे जाताना लांबतो, त्यामुळे डोसचं गणित बदलतं. हे मनाने करायचं नाही, फ्लाइटच्या वेळा घेऊन डॉक्टरांकडे बसा आणि कुठल्या वेळेला किती युनिट हे तासाप्रमाणे कागदावर लिहून आणा. गर्भनिरोधक गोळ्या, फिट्सच्या, थायरॉइडच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यांच्या वेळा पण तेव्हाच विचारून घ्या.

विमानात बसण्याएवढी तब्येत आहे का

विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीसारखा नसतो, १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर बसल्यासारखा असतो. निरोगी माणसाला काही कळत नाही, पण फुप्फुसाचा किंवा हार्टचा आजार असेल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, पोटाचं, छातीचं किंवा मेंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तिकीटच काढू नका. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमधे कधीकधी डोळ्यात गॅस भरतात, तो पूर्ण जिरेपर्यंत विमान बंद म्हणजे बंद, कारण गॅस वर जाऊन फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते. प्रेग्नन्सीत २८ आठवड्यांनंतर बऱ्याच एअरलाइन पत्र मागतात आणि एकच बाळ असेल तर साधारण ३६ आठवड्यांपर्यंत, जुळं असेल तर ३२ पर्यंत बसू देतात, पण परतीची तारीख धरून मोजा, नुसती जायची नाही.

दात दाखवून घ्या. किडलेल्या दातात किंवा अर्धवट सोडलेल्या रूट कॅनालमधे अडकलेली हवा वर गेल्यावर फुगते आणि असह्य ठणका लागतो. शिवाय कित्येक विम्यात दातांचं काम धरतच नाहीत, धरलं तर थोडंच. चष्मा असेल तर दुसरा चष्मा आणि नंबरचा कागद.

चार तासांपेक्षा लांब बसून केलेल्या प्रवासाने पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं, तरी निरोगी माणसात तो सहा हजारात एकाच्या आसपासच असतो. म्हणजे घाबरून जायचं नाही, पण आधी गुठळी झालेली असेल, कॅन्सर असेल, नुकतं ऑपरेशन, प्रेग्नन्सी, हार्मोनच्या गोळ्या, लठ्ठपणा असं काही असेल तर डॉक्टरांना विचारून बरोबर मापाचे घट्ट मोजे घ्या. बाकीच्यांनी दर तासाला-दोन तासाला उठून चालायचं, बसल्या जागी टाचा वर-खाली करायच्या. झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच अंगाने पडून राहू नका.

उंचावर जाणार असाल, २,५०० मीटरच्या वर, तर दिवसांचा हिशोब प्लॅनमधेच बसवा. ३,००० मीटरच्या पुढे झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. ला पाझ किंवा ल्हासाला थेट विमानाने उतरणाऱ्याला हे जमत नाही, त्यांनी अॅसेटाझोलामाइड या उंचीचा त्रास टाळायच्या गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं. जिममधे रोज जाणाऱ्यालाही त्रास होतो, फिटनेसचा इथे संबंध नाही. आणि ज्यांचं डायव्हिंग आहे त्यांनी शेवटच्या डाइव्हनंतर निदान १२ तास आणि जास्त डाइव्ह केले असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही, त्याप्रमाणे परतीचं तिकीट काढा.

विमा

विम्याचा कागद विकत घेतला की झालं असं नाही, वाचा. आधीपासूनचे आजार लपवू नका, प्रीमियम वाढतो म्हणून बीपी लिहिलं नाही आणि तिथे स्ट्रोक आला तर क्लेम जातो. त्यात आजारी माणसाला मोठ्या हॉस्पिटलात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च धरलाय का बघा, सगळ्यात मोठं बिल त्याचंच होतं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, निदान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, पण तो व्हिसाचा नियम झाला, तुमच्या गरजेचा नाही. ट्रेक, डायव्हिंग, भाड्याची बाइक हे वगळलंय का ते शोधा. प्रवासात माणसं दगावतात त्यात रस्त्यावरचे अपघात खूप मोठं कारण आहे, संसर्गाच्या रोगांपेक्षा जास्त, आणि गावी कधी बाइक न चालवलेला माणूस सुट्टीत हेल्मेटशिवाय बाइक भाड्याने घेतो. पॉलिसी नंबर आणि चोवीस तासांचा फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, फोन बंद पडतो.

औषधांचा पाउच

पाउचमधे थोडंच पण कामाचं भरा. पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, जुलाबाची गोळी, अॅलर्जीची गोळी, गाडी लागण्याची गोळी, जंतुनाशक, बँडेज, थर्मामीटर, सनस्क्रीन. थर्मामीटर लोक विसरतात, पण अंग गरम वाटतंय आणि ३९ ताप आहे यात डॉक्टरला खूप फरक पडतो. डेंगीच्या भागात ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. लोपेरामाइडने जुलाब थांबतात पण ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर ती घ्यायची नाही, सरळ डॉक्टर. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि मीठ जास्त होऊ द्यायचं नाही. पाण्याची शंका असेल तर खळखळून एक मिनिट उकळा, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. बर्फ पण त्याच पाण्याचा असतो आणि दात घासायचं पाणी पण.

सोबत एक कागद बनवा, प्रत्येक माणसाचा वेगळा. रक्तगट, आजार, औषधांची मूळ नावं आणि डोस, अॅलर्जी, घरच्याचा फोन, विम्याचा नंबर. शेंगदाणे, मासे असल्या कशाची जोरदार अॅलर्जी असेल तर ते वाक्य त्या देशाच्या भाषेत छापून घ्या आणि जेवण मागवताना दाखवा, आणि अॅड्रेनालिनची पेन, म्हणजे जोरदार अॅलर्जी आली की लगेच टोचायचं इंजेक्शन, दोन ठेवा, एक नाही.

परत आल्यावर

तब्येतीचं काम एअरपोर्टवरून घरी आलं की संपत नाही. मलेरियाच्या भागातून आल्यावर पहिले तीन महिने ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, आणि वर्षभरातला कुठलाही ताप असो, डॉक्टरला स्वतःहून सांगा की मी या या देशात या तारखांना होतो, ते विचारतीलच असं नाही. गोळ्या नीट घेतल्या होत्या तरीही सांगा. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार एक-दोन दिवसात जिवावर बेतू शकतो आणि सुरुवातीला तो साध्या फ्लूसारखाच दिसतो. आफ्रिकेतल्या तळ्यात, मलावी किंवा व्हिक्टोरिया सरोवरात पोहला असाल तर काही त्रास नसला तरी शिस्टोसोमायसिसची (तळ्याच्या पाण्यातून कातडीतून शिरणाऱ्या जंतांचा आजार) तपासणी विचारा, ती पोहल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी करतात. कुत्रं चावल्याचे डोस तिथे सुरू केले असतील तर उरलेले घरी वेळेवर पूर्ण करायचे, तिथल्या दवाखान्याचा कागद जपून आणा. आणि हिपॅटायटिस ए चा दुसरा डोस पहिल्यानंतर सहा महिन्यांनी असतो, तो घेतला तरच संरक्षण लांबचं टिकतं, त्याची तारीख पहिला डोस घेतला त्याच दिवशी फोनमधे टाकून ठेवा.